घरातला प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतोय? फायरवॉल बंद करण्याआधी हे तपासा

उद्या सकाळी नऊला परीक्षा आहे. हॉल तिकीट लॅपटॉपवर डाउनलोड झालंय, प्रिंटर हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेला आहे आणि दोन्ही एकाच वायफायवर आहेत. तरीही लॅपटॉप म्हणतो, प्रिंटर ऑफलाइन. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान कधीच बंद झालंय.

मग आपण सगळेच करतो तेच होतं. यूट्यूबवर किंवा एखाद्या रीलमध्ये कुणीतरी दोन मिनिटांत उपाय सांगतं : फायरवॉल बंद करा, ‘एसएमबी १’ चालू करा, पासवर्ड काढून टाका, फोल्डर ‘एव्हरीवन’ला देऊन टाका. यातलं काहीतरी लागू पडतं, प्रिंट निघते आणि आपण झोपायला जातो. फायरवॉल मात्र तशीच बंद राहते. कधीकधी वर्षभर.

शेअरिंग अडतं तेव्हा काहीतरी बिघडलंय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वाटेत एखादं कुलूप असतं, आणि त्यातली बरीच कुलपं गेल्या काही वर्षांत मोठे हल्ले झाल्यावर मुद्दाम लावलेली आहेत. नेमकं कुठलं कुलूप आडवं येतंय हे कळलं तर तेवढंच उघडून काम होतं. ते कसं शोधायचं, ते पाहू.

पूर्वी सगळं आपोआप दिसायचं, मग आता काय झालं?

विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ वापरलेल्यांना आठवत असेल, ‘नेटवर्क’वर क्लिक केलं की आजूबाजूचे सगळे कॉम्प्युटर रांगेत दिसायचे. आता तिथे बऱ्याचदा रिकामी खिडकी दिसते.

फाइल आणि प्रिंटर शेअर करण्यासाठी विंडोज जी भाषा वापरतं तिचं नाव एसएमबी, म्हणजे सर्व्हर मेसेज ब्लॉक. ही भाषा १९८०च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाली. तेव्हा ऑफिसातले मोजके कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असायचे, आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला आपलाच सहकारी बसलाय असं गृहीत धरलेलं असायचं. तिची पहिली आवृत्ती, म्हणजे एसएमबी १, पुढे अनेक वर्षं घराघरांत चालत राहिली.

१२ मे २०१७ला ‘वॉनाक्राय’ नावाचं रॅन्समवेअर पसरलं. त्याने एसएमबी १ मधल्या त्रुटीचाच आधार घेतला होता. कुणी कुठल्या लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. नेटवर्कवरचा एक कॉम्प्युटर सापडला की तो शेजारच्याला लागण करायचा. १५०हून अधिक देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर अडकले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. चीड आणणारी गोष्ट अशी की, मायक्रोसॉफ्टने या त्रुटीवरचं अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं.

जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ आला. तो तीच त्रुटी आणि चोरलेले पासवर्ड वापरून नेटवर्कमध्ये पसरायचा. त्याची झळ थेट आपल्याकडे पोहोचली. मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा कोलमडल्या आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात त्यांच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम विस्कळित झालं.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने हात आखडता घेतला. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकल्यावर एसएमबी १ येणं बंद झालं. कॉम्प्युटरची ती जुनी रांग दाखवणारी व्यवस्था त्याच्यावरच अवलंबून होती, त्यामुळे तीही गेली. २०१८मध्ये ‘होमग्रुप’ ही घरगुती शेअरिंगची सोपी सोयही काढली गेली.

त्यामुळे ‘एसएमबी १ चालू करा’ हा सल्ला देणारा माणूस खोटं बोलत नसतो. ते चालू केलं की खरंच काही गोष्टी दिसायला लागतात. पण ज्या दारातून चोर आला होता, तेच दार उघडून दिल्यासारखं आहे हे. घरातले दोन्ही कॉम्प्युटर विंडोज १० किंवा ११ असतील तर त्याची अजिबात गरज पडत नाही.

आधी बघा, दोघं खरंच एकाच नेटवर्कवर आहेत का?

‘दोन्हीकडे इंटरनेट चालतंय’ म्हणजे ‘दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत’ असं नाही. बहुतेकांची पहिली गल्लत इथेच होते.

दोन्ही कॉम्प्युटरवर स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, काळी खिडकी उघडली की ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत सलग टाइप करून एंटर दाबा. ‘आयपीव्ही४ अॅड्रेस’समोर एक आकडा दिसेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. घरगुती राउटरवर साधारणपणे पहिले तीन गट दोन्ही कॉम्प्युटरवर सारखे असतात. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.२९ असं दिसलं, तर तुमच्या घरात बहुधा दोन वेगळी नेटवर्क आहेत.

हे कसं होतं? फायबर कनेक्शन देणाऱ्याने एक राउटर बसवलेला असतो. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुसरा विकत आणतो आणि केबलने पहिल्याला जोडतो. दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. इंटरनेट दोन्हीकडे मिळतं, पण पहिल्या राउटरवरच्या कॉम्प्युटरला दुसऱ्याच्या मागचा कॉम्प्युटर दिसत नाही. उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ‘अॅक्सेस पॉइंट मोड’वर ठेवायचा. मग तो फक्त रेंज वाढवतो, वेगळं घर मांडत नाही.

आकडा १६९.२५४ने सुरू होत असेल, तर त्या कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. वायफाय बंद करून पुन्हा जोडा, नाहीतर राउटर रिस्टार्ट करा.

आणखी एक नेहमीचं प्रकरण म्हणजे गेस्ट वायफाय. पाहुण्यांसाठीचं हे नेटवर्क मुद्दाम असं केलेलं असतं की त्यावरच्या उपकरणाला घरातलं बाकी काही दिसू नये. प्रिंटर किंवा लॅपटॉप त्यावर जोडलेला असेल तर तासभर डोकं आपटूनही उपयोग नाही. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसत असतील, तर मात्र घाबरू नका. बहुतेक राउटरवर ती एकाच नेटवर्कची दोन दारं असतात. अनेक स्वस्त प्रिंटरना फक्त २.४ कळतं, म्हणून प्रिंटर त्यावर आणि लॅपटॉप ५ वर असला तरी चालतं.

ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल तर तोही क्षणभर बंद करून बघा. वर्क फ्रॉम होम करणाऱ्या अनेकांचा प्रिंटर दिवसा ‘गायब’ होतो आणि संध्याकाळी परत येतो, त्याचं गूढ बऱ्याचदा इथे उकलतं.

‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’?

विंडोज प्रत्येक वायफायला दोनपैकी एका खान्यात टाकतं. ‘पब्लिक’ म्हणजे रेल्वे स्टेशन किंवा कॅफे, जिथे आपला कॉम्प्युटर कुणाला दिसू नये. ‘प्रायव्हेट’ म्हणजे घर. नवं वायफाय जोडलं की विंडोज ११ ते आपणहून ‘पब्लिक’ मानतं, आणि तसं मानणंच सुरक्षित आहे. पण घरच्या वायफायचा खाना आपण कधी बदलतच नाही.

सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, तिथे तुमच्या वायफायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि ‘प्रायव्हेट नेटवर्क’ निवडा. मग ‘अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मधल्या ‘अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये जाऊन प्रायव्हेटखाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन्ही बटणं चालू करा. दोन्ही कॉम्प्युटरवर.

फायरवॉल बंद केल्यावर प्रिंट निघाली असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापैकी अनेकांचं काम या तीन क्लिकमध्ये झालं असतं. प्रायव्हेट खान्यात फायरवॉल स्वतःच शेअरिंगपुरती वाट मोकळी करते आणि बाकीचा पहारा चालू ठेवते. वेगळा अँटिव्हायरस विकत घेऊन टाकला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते. तिथेही घरचं नेटवर्क ‘विश्वासू’ म्हणून नोंदवावं लागतं.

नावाने सापडत नाही? नंबराने शोधा

एवढं करूनही ‘नेटवर्क’ची खिडकी रिकामीच असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करा. ती यादी म्हणजे फक्त सोय आहे. यादीत नाव नसलं तरी कॉम्प्युटरपर्यंत पोहोचता येतं.

फाइल एक्सप्लोरर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा द्या (कीबोर्डवर एंटरच्या आसपास असतात त्या) आणि त्यांना चिकटून दुसऱ्या कॉम्प्युटरचा तो आयपी आकडा टाइप करा. त्याचे शेअर केलेले फोल्डर दिसले, तर रस्ता मोकळा आहे आणि अडचण फक्त नाव शोधण्यात आहे. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर स्टार्टमधून ‘सर्व्हिसेस’ उघडा, ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ नावाची सेवा शोधा आणि ती ‘ऑटोमॅटिक’ करून चालू करा. नेटवर्कवर ‘मी इथे आहे’ अशी हाक देण्याचं काम तिचं.

यादी काहीही म्हणो, पासवर्डची चौकट उघडली तर तुम्ही दारापर्यंत पोहोचलात. आणि काहीच झालं नाही, तर तो कॉम्प्युटर झोपलेला नाही ना ते आधी बघा. स्लीप मोडमधला कॉम्प्युटर कुणालाही प्रिंटर देत नाही. मोठमोठ्या सेटिंगमध्ये शिरण्याआधी हॉलमध्ये जाऊन माऊस हलवलेला बरा.

पिन चालत नाही, आणि कोरा पासवर्डही नाही

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. चौकट युजरनेम आणि पासवर्ड मागते. आपण रोज कॉम्प्युटर उघडताना टाकतो तो चार किंवा सहा आकडी पिन टाकतो. चुकीचा. पुन्हा टाकतो. पुन्हा चुकीचा.

पिन हा त्या एका मशीनपुरताच असतो आणि नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्ट खात्याने उघडत असाल तर युजरनेम म्हणजे तुमचा पूर्ण ईमेल पत्ता आणि पासवर्ड म्हणजे त्या खात्याचा पासवर्ड. तो अनेकांना आठवतही नसतो, कारण तीन वर्षांपूर्वी एकदाच टाकलेला असतो. आणि हो, ज्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचंय त्याच्या खात्याची माहिती द्यायची, तुम्ही ज्याच्यासमोर बसलाय त्याची नाही.

दुसरी गोष्ट, आई-बाबांच्या कॉम्प्युटरवर पासवर्डच ठेवलेला नसतो. ‘घरातच तर आहे, कशाला पासवर्ड?’ पण ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्यातून नेटवर्कवरून आत येऊ द्यायचं नाही, असा विंडोजचा मूळ नियम आहे. त्यामुळे पासवर्डची चौकट रिकामी सोडून कितीही वेळा एंटर दाबलं तरी दार उघडत नाही.

यावरचा मला सगळ्यांत बरा वाटणारा उपाय म्हणजे फक्त शेअरिंगसाठी एक वेगळं खातं. प्रिंटर असलेल्या कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘अदर युजर्स’मध्ये ‘अॅड अकाउंट’ दाबा, ‘या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही’ अशा अर्थाचा पर्याय निवडा आणि पुढे ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय’ खातं तयार करा. त्याला ‘घर’सारखं साधं नाव इंग्रजी अक्षरांत आणि बऱ्यापैकी लांब पासवर्ड द्या. अॅडमिनचे अधिकार देऊ नका. घरातल्या इतर लॅपटॉपवरून हेच नाव आणि पासवर्ड टाका, खाली ‘लक्षात ठेवा’वर टिक करा. आई-बाबांना त्यांचा पासवर्ड बदलायला लावायची गरजच उरत नाही.

काल चालत होतं आणि आज चालत नाही, असं असेल तर लॅपटॉपवर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडून बघा. पासवर्ड बदलला तरी विंडोज तिथे साठवलेला जुनाच पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. ती नोंद काढून टाकली की ते नव्याने विचारतं.

पासवर्ड स्वीकारला, पण फोल्डर उघडताना ‘अॅक्सेस डिनाइड’ आलं, तर समजा की त्या फोल्डरला दोन ठिकाणी परवानगी लागते. एक ‘शेअरिंग’ टॅबमध्ये, दुसरी ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये. दोन्हींपैकी जी जास्त कडक असेल ती लागू होते. दोन्हीकडे त्या नव्या खात्याचं नाव घाला. अख्खी सी ड्राइव्ह शेअर करण्याचा मोह टाळा. एक फोल्डर करा, हवं ते त्यात टाका.

प्रिंटरचं वेगळंच दुखणं

प्रिंटर दोन प्रकारे घरात नांदतो. एक, यूएसबीने एखाद्या कॉम्प्युटरला जोडलेला. तो कॉम्प्युटर चालू असेल तरच इतरांना प्रिंटर मिळतो, आणि वर सांगितलेलं सगळं त्याला लागू होतं. दोन, स्वतःच वायफायवर असलेला. त्याला कुणाच्या मध्यस्थीची गरज नसते. तुमचा प्रिंटर वायफायचा असेल आणि तरीही तुम्ही तो यूएसबी लावून शेअर करत असाल, तर केबल काढा आणि थेट वायफायवर घ्या. अर्धे प्रश्न तिथेच संपतात.

वायफाय प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पत्ता बदलणं. वीज जाते, राउटर पुन्हा सुरू होतो, प्रिंटरला नवा आयपी देतो. काल १९२.१६८.१.५ होता, आज १९२.१६८.१.९. लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. प्रिंटरच्या स्क्रीनवरून किंवा त्याचं नेटवर्क पान छापून आजचा पत्ता बघा. मग राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ करून तो पत्ता प्रिंटरसाठी कायमचा राखून ठेवा. त्यानंतर विंडोजमध्ये प्रिंटर काढून त्याच पत्त्याने पुन्हा जोडा. हे एकदाच करायचं काम आहे.

प्रिंटर चालू आहे, पत्ता बरोबर आहे, तरीही ‘ऑफलाइन’? प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’, तिथे ‘कॉन्फिगर पोर्ट’ आणि ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’वरची टिक काढून बघा. काही प्रिंटर विंडोजच्या ‘जिवंत आहेस का’ या प्रश्नाला उत्तर देत नाहीत आणि विंडोज त्यांना बंद समजतं.

एखादी प्रिंट अडकून तिच्यामागे रांग लागली असेल, तर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या ‘सिस्टम ३२’, ‘स्पूल’, ‘प्रिंटर्स’ या वाटेने शेवटच्या फोल्डरमधल्या फाइली काढा (फोल्डर नाही, फक्त आतल्या फाइली) आणि स्पूलर पुन्हा सुरू करा.

हा स्पूलर २०२१मध्ये फारच गाजला. त्यातली ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची त्रुटी इतकी गंभीर होती की, मायक्रोसॉफ्टने त्या जुलैत ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर अपडेट दिलं, आणि मुदत संपलेल्या विंडोज ७लाही दिलं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने शेअर केलेल्या प्रिंटरशी होणारं बोलणं अधिक कडक केलं. तेव्हापासून अनेकांना प्रिंटर जोडताना शेवटी ‘११बी’ असलेला एरर दिसू लागला.

यावर इंटरनेटवर सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय म्हणजे रजिस्ट्रीत एक ओळ घालून तिची किंमत शून्य करणं. त्याने प्रिंटर जोडला जातो, हे खरं. पण ती ओळ सप्टेंबरमध्ये आलेलं संरक्षणच बंद करते. त्याआधी दोन्ही कॉम्प्युटर पूर्ण अपडेट करून बघा, कारण बऱ्याचदा एक अद्ययावत आणि एक जुना अशी जोडी असते. तेवढ्याने भागलं नाही तर लॅपटॉपवर प्रिंटर हाताने जोडा : ‘लोकल प्रिंटर’ निवडा, नवं ‘लोकल पोर्ट’ तयार करा, पोर्टच्या नावात दोन उलट्या रेघा, कॉम्प्युटरचं नाव, पुन्हा एक उलटी रेघ आणि प्रिंटरचं शेअर नाव द्या, मग ड्रायव्हर स्वतः निवडा.

हेल्पलाइनचा नंबर शोधू नका

प्रिंटर चालत नाही म्हणून वैतागून सर्चमध्ये ‘प्रिंटर कस्टमर केअर नंबर’ टाकणारे खूप जण असतात, आणि फसवणूक करणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे. समोरचा माणूस गोड बोलून स्क्रीन शेअर करणारं अॅप टाकायला सांगतो. त्यातून प्रिंटर सुरू होवो न होवो, मोबाइलवर आलेला ओटीपी त्याला दिसतो. अशा अॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९मध्येच बँकांना सावध केलं होतं. नंबर हवाच असेल तर प्रिंटरच्या खोक्यावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा.

राउटरला लावलेला पेनड्राइव्ह अचानक बंद पडला असेल तर

२०२४च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११च्या ‘२४एच२’ आवृत्तीने आणखी दोन कुलपं लावली. ‘प्रो’ आवृत्तीत पासवर्डशिवाय, पाहुणा म्हणून आत शिरणं बंद झालं आणि प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही बंधनकारक झाली. राउटरच्या मागे पेनड्राइव्ह लावून घरभर सिनेमे बघणाऱ्यांना आणि जुनी नेटवर्क हार्ड डिस्क वापरणाऱ्यांना याचा फटका बसला. ‘तुमच्या संस्थेच्या धोरणानुसार पाहुण्यांना प्रवेश नाही’ अशा अर्थाचा संदेश घरच्या लॅपटॉपवर आला की, ही कुठली संस्था, असा प्रश्न पडतो. उत्तर आहे हे अपडेट. राउटरच्या किंवा डिस्कच्या सेटिंगमध्ये युजरनेम-पासवर्ड ठेवा, तिचं सॉफ्टवेअर अपडेट करा. एखादं उपकरण इतकं जुनं असेल की त्याला एसएमबी १ खेरीज काहीच येत नाही, तर माझ्या मते त्यातला डेटा काढून घेऊन त्याला निवृत्त करावं. हॉलमधला कॉम्प्युटर अजून विंडोज १०वर असेल, तर त्याचीही नेहमीची मोफत मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आहे, हे लक्षात असू द्या.

आणि हे वाचताना ‘आपणही कधीतरी फायरवॉल बंद केली होती’ असं आठवलं असेल, तर आत्ताच दोन गोष्टी बघा. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘फायरवॉल’खालच्या तिन्ही ओळींसमोर ‘ऑन’ आहे का ते तपासा. मग फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या रेघा देऊन इंग्रजीत ‘लोकलहोस्ट’ टाइप करा. तुमच्या कॉम्प्युटरवरचं जे जे शेअर केलेलं आहे ते समोर येईल. त्यात ओळखीचा नसलेला किंवा आता नको असलेला फोल्डर दिसला, तर मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘शेअरिंग’, ‘अॅडव्हान्स्ड शेअरिंग’मधली पहिली टिक काढा. फोल्डर जागेवरच राहील, फक्त बाहेरून दिसणं बंद होईल.